नियमाआधीची स्वच्छता

मायकेल फॅरेडे यांचे विद्युत अपघटनाचे नियम पाठ नसलेला विज्ञानाचा विद्यार्थी विरळाच. परंतु ज्या हातांनी ते नियम सिद्ध केले, त्या हातांची ओळख आपली पाठ्यपुस्तके क्वचितच करून देतात.

लंडनलगत एका लोहाराच्या घरी १७९१ साली जन्मलेला हा मुलगा शाळेत जेमतेम लिहावाचावयास शिकला. चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीस लागला व बांधावयास आलेली पुस्तकेच वाचू लागला. १८१२ मध्ये हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकून त्याने टिपणे काढली, स्वतः बांधली आणि डेव्हींकडे धाडली. पुढच्याच वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यास मदतनिसाची जागा मिळाली. उपकरणांची निगा राखावयाची आणि व्याख्यात्यांच्या हाताखाली राबावयाचे, अशी ती नोकरी. १८२३ मध्ये त्यांनी क्लोरीन वायू द्रवरूपात आणला. त्या प्रयोगांत नळी फुटून काचेचे कण त्यांच्या डोळ्यांत गेले.

१८२७ साली फॅरेडे यांनी सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहिला, तो कोणत्याही सिद्धांतावर नव्हे, तर प्रयोगशाळेतील हातकामावर. वजन कसे करावे, साका कसा पाडावा, कसा गाळावा, कसा धुवावा, हा त्याचा विषय. अपघटनाचे नियम आले ते त्यानंतर, १८३३-३४ मध्ये. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

कारण मिठाच्या द्रावणातून वीज सोडून कॉस्टिक सोडा व क्लोरीन मिळविणारे कारखाने आजही याच क्रमाने चालतात. आगरातील मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सल्फेट यांची भेसळ निसर्गतःच असते. धुण्याचा सोडा घालून कॅल्शियमचा आणि कॉस्टिक सोडा घालून मॅग्नेशियमचा साका पाडतात, तो निवळून गाळतात. सल्फेटसाठी बेरियमचे क्षार वापरतात. आधुनिक पटल-घटांस एवढ्यानेही भागत नाही. तेथे विशिष्ट राळेच्या थरांतून द्रावण पुन्हा नेऊन कॅल्शियम-मॅग्नेशियम एक अब्ज भागांत सुमारे वीस भागांच्याही खाली आणावे लागते. एरवी ते पटलात साचते, वीज वाया जाते आणि महागडे पटल अकाली निकामी होते. नियम तोच, पण द्रावण मळके असेल तर त्याचा लाभ पदरात पडत नाही.

आपल्याकडे मात्र प्रात्यक्षिक म्हणजे मागील वर्षीच्या वहीतून उतरविलेली आकृती, अशी समजूत रुजली आहे. साहित्य नाही, ही सबब नेहमीचीच. बोरी अरबसारख्या गावातील शिक्षकास खडे मीठ, धुण्याचा सोडा व गाळणकागद यांखेरीज काय हवे? मीठ स्वच्छ पाण्यात विरघळवून प्रथम गाळावे, म्हणजे माती निघून जाईल. त्या नितळ द्रावणात सोड्याचे पाणी थेंबाथेंबाने सोडावे. मीठ कच्चे असेल तर द्रावण दुधासारखे गढूळ होते, तासाभरात पांढरा साका तळाशी बसू लागतो. शेजारी बारीक, शुद्ध केलेल्या मिठाचे चंचुपात्र ठेवावे आणि दोहोंत फरक का पडला, हे मुलांनाच विचारावे.