नाक मिळाले, हात नाही

शेतकरी घरचा कावसजी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. १७९२च्या युद्धात तो टिपूच्या हाती लागला आणि नाक व एक हात गमावून बसला. वर्षभराने पुण्याजवळ वीटकरी समाजातल्या एका कारागिराने मेणाचे नाक त्याच्या चेहऱ्यावर बसवून पाहिले. ते सपाट करून कपाळावर ठेवले, कडेने रेघ आखली आणि तेवढीच कातडी सोडवून खाली वळवली. भुवयांमधली पट्टी कापली नाही, म्हणून रक्तपुरवठा टिकला. १७९४ साली लंडनच्या मासिकात हे छापून आले. १८१४ मध्ये तिथल्या कार्प्यू या सर्जनने याच पद्धतीने नाक बसवले. पुण्याच्या कारागिराचे नाव मात्र त्या मासिकातही नाही! कावसजीला कंपनीची पेन्शन मिळाली, हात नाही. पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र निघाले ते थेट १९४४ साली.