टेलिफोन नक्की कुणाचा?

टेलिफोनचा शोध कुणी लावला? शाळेपासून उत्तर पाठ आहे, अलेक्झांडर ग्रॅहम बेल. एक मार्क! पण हा एक मार्क पक्का करायला खुद्द बेलला बारा वर्षं लागली, आणि शेवटी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात तो मिळाला अवघ्या एका मताने.

बेलचा जन्म ३ मार्च १८४७ चा, स्कॉटलंडमधल्या एडिंबरोचा. वडील उच्चारशास्त्र शिकवायचे, आईला नीट ऐकू येत नसे. दोन्ही भाऊ क्षयाने गेले आणि १८७० मध्ये हे कुटुंब कॅनडाला आलं. पुढच्याच वर्षी बेल बोस्टनला कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवू लागला. त्याची पत्नी मेबल हीसुद्धा आधी त्याची कर्णबधिर विद्यार्थिनी. म्हणजे हा गडी इलेक्ट्रिकलचा नव्हेच, आवाजाचा मास्तर!

तारायंत्रात करंट नुसता चालू-बंद होतो. बेलने ओळखलं, की बोलणं पाठवायचं तर हवेतल्या लहरींप्रमाणेच करंटही कमी-जास्त होत राहिला पाहिजे. पेटंटच्या अर्जात त्याने नेमकं हेच मांडलं. १४ फेब्रुवारी १८७६ ला अर्ज दाखल झाला. त्याच दिवशी एलिशा ग्रे यानेही आपल्या टेलिफोनची सूचना पेटंट ऑफिसात दिली! पेटंट ७ मार्चला बेलला मिळालं. गंमत म्हणजे सहायक वॅटसनला यंत्रातून स्पष्ट शब्द ऐकू आले ते त्यानंतर तीन दिवसांनी.

मग सुरू झाले खटले, थोडेथोडके नाही, सुमारे सहाशे. वेगवेगळ्या कोर्टांतली अपिलं शेवटी सुप्रीम कोर्टाने एकत्र ऐकली. एका विरोधी कंपनीची सगळी भिस्त होती पेनसिल्व्हेनियातल्या खेड्यातल्या डॅनियल ड्रॉबॉ या मेकॅनिकवर. बेलच्या आधीच त्याच्या यंत्रातून बोलणं ऐकल्याचं डझनावारी गावकऱ्यांनी शपथेवर सांगितलं. पण तारीखवार लेखी पुरावा? तिथेच सगळं अडलं. १९ मार्च १८८८ ला निकाल लागला. चार न्यायाधीश बेलच्या बाजूने, तीन ड्रॉबॉच्या. एक मत इकडचं तिकडे झालं असतं, तर आज आपण वेगळंच नाव पाठ केलं असतं.

२ ऑगस्ट १९२२ ला बेल गेला. अंत्यसंस्काराच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन मिनिटभर मुके झाले. पुढे १९६० च्या दशकात त्याच्याच नावाच्या बेल लॅब्जमध्ये फोनवरचा आपलाच प्रतिध्वनी ओळखून वजा करणारं, परिस्थितीनुसार स्वतःला बदलणारं सर्किट तयार झालं. अशा सर्किटांच्या पेटंटवर आजही अपिलं होतात. प्रश्न तेच जुने. आधी कुणी केलं आणि कागदावर काय लिहिलंय?

ड्रॉबॉ खरा की खोटा, हा वाद अजून मिटलेला नाही. पण सडक अर्जुनीच्या एखाद्या गॅरेजमध्ये किंवा आपल्या वर्कशॉपमध्येही एखादा ड्रॉबॉ असेलच की! त्याला एवढंच सांगणं, मित्रा, प्रोजेक्टची वही फक्त सबमिशनच्या आदल्या रात्री भरू नकोस. रोज लिही, खाली तारीख टाक आणि सरांची सही घे. डोकं आपल्याकडेही आहे, कमी पडते ती वही!