ढाब्यावर ड्रायव्हरांसोबत जेवणारा साहेब: सुमंत मुळगावकर, ज्यांनी टाटांचा ट्रक उभा केला

संध्याकाळच्या वेळी मुक्ताईनगरच्या चौफुलीवर अर्धा तास उभे राहा. पूर्वीचं एदलाबाद म्हणजे हे गाव. जवळच कोथळीला संत मुक्ताबाईंचं मंदिर असल्यामुळे वारकऱ्यांना ते माहीत आहे, आणि ट्रकवाल्यांना ते माहीत आहे रस्त्यामुळे. सुरतेकडून धुळे, जळगाव, भुसावळ करत नागपूर आणि पुढे कोलकात्याला जाणारा जुना ६ नंबरचा, म्हणजे आताचा ५३ नंबरचा महामार्ग इथून जातो. इथूनच इच्छापूरमार्गे बऱ्हाणपूर आणि इंदूरची वाट फुटते.

रावेर, यावल, मुक्ताईनगर या पट्ट्यातली केळी याच वाटेने उत्तरेला निघते. एके काळी ती सावदा, रावेरच्या स्टेशनांवरून रेल्वेच्या वॅगनने जायची. पुढे ट्रकने तो माल मोठ्या प्रमाणावर आपल्याकडे ओढला, कारण ट्रक थेट बागेच्या बांधापर्यंत येतो.

या रस्त्यावर ट्रकचं वेड असलेली पोरं काही कमी नाहीत. अशी पोरं मोठी होऊन पोटापाण्यासाठी करतात काय? कुणी क्लीनर होतो आणि दोन-चार वर्षांत स्टेअरिंगवर बसतो. कुणी फिटर होतो, कुणी पाटे बसवतो, कुणी टायरचं दुकान टाकतो. कुणी फाळक्यावर नाव आणि फुलं रंगवतो. ज्याला कर्ज मिळतं तो स्वतःची गाडी घेतो आणि हप्ते फेडता फेडता म्हातारा होतो.

पण एका मराठी माणसाने आयुष्यातली जवळपास चाळीस वर्षं ट्रक बनवण्यात घालवली. वर सांगितलेल्या सगळ्यांचं पोट ज्या गाडीवर चालतं, ती गाडी भारतात घडावी यासाठी तो झटला. त्यांचं नाव सुमंत मुळगावकर.

सुरुवात ट्रकने नव्हे, सिमेंटने झाली

मुळगावकरांचा जन्म ५ मार्च १९०६ चा, मुंबईतला. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधून ते मेकॅनिकल इंजिनियर झाले. परत आल्यावर सिमेंटच्या धंद्यात शिरले आणि एसीसी या मोठ्या सिमेंट कंपनीत वरच्या पदापर्यंत पोहोचले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशातून यंत्रं येणं मुश्कील झालं. सिमेंटचा कारखाना उभारायचा तर यंत्रं बाहेरूनच आणायची, अशी तेव्हाची रीत होती. आपण ही यंत्रं इथेच का बनवू नयेत, हा प्रश्न मुळगावकरांना पडला. एसीसीने चाईबासा इथे देशी यंत्रसामग्रीचा सिमेंट कारखाना उभा केला, त्यामागे त्यांचा मोठा वाटा होता.

जहांगीर रतनजी टाटा अशाच माणसाच्या शोधात होते. टाटांनी १९४५ मध्ये जमशेदपूरला टेल्को ही कंपनी काढली होती. आज आपण तिला टाटा मोटर्स म्हणतो. तेव्हा तिथे रेल्वेची वाफेची इंजिनं बनायची. १९४९ मध्ये मुळगावकर टेल्कोत आले आणि कारखान्याची सूत्रं त्यांच्या हाती आली.

तारा पुढे, टाटा मागे

रेल्वे इंजिनाच्या धंद्यात एक अडचण होती. गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे सरकार. त्याने मागणी कमी केली की कारखाना बसला. शिवाय वाफेच्या इंजिनाचे दिवस फार उरलेले नाहीत हेही दिसत होतं. दुसरीकडे स्वतंत्र झालेल्या देशात धरणं, रस्ते, कारखाने उभे राहत होते, आणि त्यांच्यासाठी माल वाहायला ट्रक लागणार होते.

१९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार केला. त्याच वर्षी जमशेदपूरच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. तिच्या तोंडावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा होता. जुने ड्रायव्हर टाटा-मर्सिडीज म्हणतात ती हीच गाडी.

कंपनी बहुतेक वेळा नुसती चेसीस विकायची. म्हणजे इंजिन, चाकं आणि खालचा सांगाडा. केबिन आणि मागची लाकडी बॉडी गावोगावचे कारागीर बांधायचे. सुतार, लोहार, वेल्डर, रंगारी अशा कितीतरी हातांना त्यातून काम मिळालं. एक चेसीस विकली की तिच्यामागे दहा माणसांचा रोजगार उभा राहायचा, तो असा.

१९६१ मध्ये इथला ट्रक सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला निर्यात झाला. सगळं छान चाललं होतं. पण मुळगावकरांच्या डोक्यात एक तारीख पक्की बसली होती. १९६९ ला करार संपणार होता. जर्मन इंजिनियर आणि जर्मन नकाशे गेल्यावर काय? दुसऱ्याच्या नकाशावर ट्रक जोडणं वेगळं आणि स्वतः ट्रक घडवणं वेगळं. करार संपल्यावर पुन्हा कुणाच्या तरी दारात उभं राहायचं नसेल, तर तयारी आधीच करायला हवी होती.

पुण्यात कारखाना आला, पण ट्रक नाही

१९६६ मध्ये टेल्को पुण्याला, पिंपरी-चिंचवडच्या माळावर आली. आता ट्रक निघणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण पुण्यातून पहिली गाडी बाहेर पडली १९७७ मध्ये. मधली अकरा वर्षं काय चाललं होतं?

मुळगावकरांनी आधी ट्रक बनवणारी यंत्रं बनवायला घेतली. पत्र्याला आकार देणारे डाय, सुटे भाग कापणारी मशीन, अचूक मापाची हत्यारं. त्यासोबत संशोधन केंद्र काढलं आणि पोरांना हाताने काम शिकवणारी प्रशिक्षणाची व्यवस्था उभी केली. आसपासच्या गावांतून आलेली मुलं तिथे अप्रेंटिस म्हणून लागली आणि पक्के कारागीर होऊन बाहेर पडली.

धंद्याच्या हिशेबाने हा मोठा जुगार होता. वर्षानुवर्षं पैसा ओतायचा आणि विकायला हातात ट्रक नाही. पण १९६९ ला करार संपला तेव्हा या तयारीचा अर्थ कळला. गाडीवरचा तारा उतरला, त्या जागी टाटांचं टी हे अक्षर बसलं, आणि कारखाना बंद पडला नाही.

१९७१ मध्ये टेल्कोने डायरेक्ट इंजेक्शनची इंजिनं आणली. आधीच्या इंजिनात डिझेल एका छोट्या कप्प्यात पेटायचं आणि मग सिलिंडरमध्ये यायचं. त्यात उष्णता वाया जायची. नव्या इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जाऊ लागलं, त्यामुळे तेवढ्याच डिझेलमध्ये गाडी जास्त पळू लागली. दोनच वर्षांनी, १९७३ मध्ये जगभर तेलाचे भाव भडकले. लिटरमागे किती किलोमीटर, यावरच ज्याचा महिना ठरतो त्या मोटारमालकाला हा फरक लगेच खिशात जाणवला.

दुपारी साहेब जातात कुठे?

मुळगावकरांची एक गोष्ट टाटा समूहात आवर्जून सांगितली जाते. दुपारच्या जेवणाला सगळे अधिकारी एकत्र बसायचे, पण मुळगावकर गाडी काढून निघून जायचे आणि जेवणाची वेळ संपता संपता परत यायचे. डीलर लोक त्यांना मोठ्या हॉटेलात जेवू घालत असणार, अशी कुजबुज सुरू झाली. एक दिवस काही जणांनी त्यांचा माग काढला. साहेबांची गाडी हायवेवरच्या एका ढाब्यावर थांबली होती. साहेब खाटेवर ट्रक ड्रायव्हरांसोबत बसून जेवत होते आणि टाटांच्या गाडीत काय चांगलं, काय वाईट, ते विचारत होते. ऐकलेलं सगळं ते परत येऊन कामाला लावायचे.

ही गोष्ट सांगताना थोडं तिखटमीठ लागलंही असेल. पण ती टिकली, कारण तिच्यात ट्रकच्या धंद्याचं मर्म आहे. नकाशावरचा ट्रक ठरलेल्या वजनाचा असतो. रस्त्यावरचा ट्रक मे महिन्याच्या उन्हात, खड्ड्यांतून, ठरल्यापेक्षा जास्त माल घेऊन घाट चढतो. पाटा कुठे तुटतो, क्लच कधी जळतो, रात्री दोन वाजता कोणता नट हाताला लागत नाही, हे ड्रायव्हरला कळतं. केळीने भरलेली गाडी रस्त्यात दोन दिवस बंद पडली तर माल गाडीतच पिकायला लागतो. मग शेतकरी, व्यापारी, मालक आणि ड्रायव्हर सगळ्यांचंच नुकसान होतं.

शेवटची मोठी लढाई

ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्या भारतीय भागीदारांसोबत हलके ट्रक घेऊन आल्या. टोयोटा, माझदा, निसान, मित्सुबिशी अशी मातब्बर नावं होती. यांच्यापुढे देशी गाडी टिकेल का, अशी शंका घेतली जात होती. टेल्कोने १९८६ मध्ये पुण्यात स्वतः घडवलेली ४०७ बाजारात आणली. आपल्या रस्त्यांना आणि आपल्या ओझ्याला सोसेल अशी ती गाडी होती. भाजीवाल्यापासून मंडप डेकोरेशनवाल्यापर्यंत सगळ्यांनी ती घेतली. चारशेसात हा मराठीत एक शब्दच होऊन बसला. पुण्यात अकरा वर्षं घातलेल्या पैशांचं हे फळ होतं.

ट्रकपलीकडेही त्यांचं काम होतं. मारुती उद्योग ही सरकारी कंपनी सुरू झाली तेव्हा तिच्या अध्यक्षपदी मुळगावकरच होते. पुण्याच्या उजाड माळावर त्यांनी हजारो झाडं लावून घेतली आणि तळं करवलं, तिथे पुढे पक्षी येऊ लागले. त्यांच्या पत्नी लीला मुळगावकर यांनी मुंबईत ऐच्छिक रक्तदानाची चळवळ उभी केली. त्यासाठी त्यांना १९६३ मध्ये पद्मश्री मिळाली.

१९८८ मध्ये टेल्कोची सूत्रं रतन टाटांकडे गेली. पुढच्याच वर्षी, १ जुलै १९८९ रोजी मुळगावकर गेले. १९९० मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झाला. १९९४ मध्ये कंपनीने एक नवी गाडी काढली आणि सुमंतमधला सु आणि मुळगावकरमधला मो घेऊन तिचं नाव ठेवलं सुमो. वऱ्हाडापासून वडापपर्यंत ती गाडी सगळ्यांनी वापरली, पण नावातला माणूस फार थोड्यांना माहीत होता.

ट्रकवर जीव असलेला माणूस पोटासाठी ट्रक चालवतो, दुरुस्त करतो, रंगवतो. मुळगावकरांनी हे सगळं करणाऱ्यांना विचारून ट्रक बनवला. आज रात्री मुक्ताईनगरहून केळीची एखादी गाडी ताडपत्री आवळून बऱ्हाणपूरच्या वाटेला लागेल. तिच्या तोंडावर टाटांचं टी अक्षर दिसलं, तर एके काळी तिथे जर्मन तारा होता आणि तो एका मराठी इंजिनियरच्या तयारीमुळे उतरवता आला, एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.