शिकणारीची चूलही पेटली पाहिजे

हातावर पोट असलेल्या आईला फुकट शिक्षण देऊ केले, की आपले कर्तव्य संपले असे आपल्याला वाटते. ती आली नाही, तर तिलाच शिकायची आवड नाही म्हणून आपण मोकळे होतो. शिकायला बसलेल्या दिवसाची मजुरी बुडते आणि संध्याकाळी चूल पेटायची असते, हे मात्र सोयीस्करपणे विसरतो. हे ज्यांना मनापासून कळले होते, त्या अनुताई वाघ आमच्याच भागात राहून गेल्या. त्यांचे कोसबाड आणि आमचे आशागड, दोन्ही डहाणू तालुक्यातलीच गावे.

अनुताईंना हे कळले ते स्वतःच्या जगण्यातून. १९१० साली पुणे जिल्ह्यातील मोरगावला त्या जन्मल्या. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांत वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचा उरलेला जन्म स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जायचा. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या. नाशिक जिल्ह्यातील चांदोरीला आणि पुढे पुण्यात हुजूरपागेत त्यांनी शिकवले. दिवसा नोकरी आणि रात्री अभ्यास असे करीत १९३७ मध्ये रात्रशाळेतून त्या मॅट्रिक झाल्या. पदवी मिळाली ती १९६१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी! पगार सोडून शिकणे त्यांना कधीच परवडले नव्हते.

१९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचे ग्रामसेविका शिबिर होते. तिथे ताराबाई मोडक भेटल्या आणि पुण्याची बसलेली घडी मोडून अनुताई बोर्डीला आल्या. त्याच वर्षी तलासरी-डहाणूचे वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबलेल्या माणसांना कोणी चांगल्या कपड्यांतली बाई पोरांना बोलवायला आली, तर संशय यायचाच. मुले येत नाहीत असे दिसल्यावर या दोघींनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. आज देशभर रुळलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्याच प्रयोगातून पुढे आला.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर विकासवाडी उभी राहिली. मोठी मुलगी शाळेत का येत नाही? तर धाकट्याला सांभाळायला घरी कोणी नाही, आई गवत कापायला गेलेली. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात आणि आई निर्धास्तपणे कामावर. महागडी साधने आणायला पैसा नव्हता. शिंपले, बिया, खडे, पाने हीच शैक्षणिक साधने झाली. बालसेविका घडल्या त्याही याच मुलांमध्ये वावरत. नाक पुसणे, नखे कापणे, गाणी म्हणणे या सगळ्यातून त्यांचे प्रशिक्षण झाले.

सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा अंगणवाडी देशभर गेली. गावातलीच बाई निवडायची, तिला प्रशिक्षण द्यायचे आणि पुढचे तिने काम करता करता शिकायचे, अशी ती पद्धत. कितीतरी गरीब आयांच्या हाती त्यातून पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला पैसे आले.

पण एक गाठ अजून सुटलेली नाही. या बायकांना जे मिळते त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे ठरायला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. ज्या भागाने वेठ मोडली, तिथल्या लोकांना तरी हे खटकायला हवे. शिकवण्याच्या नावाखाली स्वस्तात राबवून घेणे म्हणजे वेठीचेच सभ्य नाव, असे माझे मत आहे. गरिबाला मदतही हवी आणि कामही हवे. पण शिकतानाच्या दिवसांचे मोल आणि शिकून झाल्यावर रीतसर पगार, ही दोन टोके जुळली तरच ती मदत पुरी पडते.

अनुताईंना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या गेल्या. आता त्यांच्या नावाने सभागृहे बांधण्यापेक्षा, आपल्या पाड्यावरच्या अंगणवाडीतील ताईला आणि मदतनीस बाईला महिन्याला काय मिळते आणि ते वेळेवर मिळते का, एवढी चौकशी प्रत्येकाने करावी.