पाँपेईचे जुझेप्पे फिओरेल्ली

इटलीतील पाँपेई हे प्राचीन रोमन नगर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झाले. १७४८ मध्ये तेथे उत्खनन सुरू झाले खरे. परंतु राजसंग्रहासाठी मूर्ती व चित्रे मिळविणे हाच त्यामागील मुख्य हेतू होता. ही दृष्टी पालटली ती जुझेप्पे फिओरेल्ली यांनी.

त्यांचा जन्म १८२३ साली नेपल्स येथे झाला. उदारमतवादी विचारांपायी बूर्बाँ राजवटीत त्यांना तुरुंगवास घडला. इटलीच्या एकीकरणानंतर, १८६३ मध्ये, उत्खननाची सूत्रे त्यांच्या हाती आली. घरे वरून खाली, थराथराने उकलण्याची पद्धत त्यांनी रुजविली. नगराचे विभाग पाडून दारादाराला क्रमांक दिले. पूर्वी खास परवान्यावाचून प्रवेश दुर्लभ असे. त्यांनी प्रवेशशुल्क ठरवून ते नगर सर्वसामान्यांस खुले केले.

मृतांची शरीरे कुजून गेल्यामुळे घट्ट झालेल्या राखेत पोकळ्या राहिल्या होत्या. १८६३ मध्येच फिओरेल्ली यांनी त्यांत पातळ प्लॅस्टर ओतविले. ते कठीण झाल्यावर भोवतालची राख दूर केली, तो काय! अखेरच्या क्षणी जशी पडली तशीच माणसे प्रकट झाली. वस्त्रांच्या चुण्यादेखील स्पष्ट दिसू लागल्या.

१८७५ मध्ये ते साऱ्या इटलीच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले. १८९६ मध्ये त्यांचे निधन झाले. आजही मार्गदर्शकासमवेत एका दिवसात पाँपेई पाहून येणारे प्रवासी त्या आकृतींपुढे स्तब्ध होतात. हे भग्नावशेष म्हणजे नुसते दगड नव्हेत, येथे आपल्यासारखीच माणसे नांदत होती, ही जाणीव फिओरेल्ली यांनी जगाला दिली.