परमुलखातले रोजे

अफनासी निकितीन हा रशियातील व्होल्गा नदीकाठच्या त्वेर शहराचा ख्रिस्ती सौदागर. वास्को-द-गामा कालिकतला येण्याच्या सुमारे पाव शतक आधी, १४७० च्या आसपास, तो चौलच्या बंदरात उतरला. सोबत विक्रीसाठी एक उमदा घोडा होता. दख्खनमध्ये चांगले घोडे समुद्रापलीकडून येत आणि त्यांना मोठी किंमत मिळे. निकितीनची सारी पुंजी त्या एका जनावरात अडकली होती. कारण व्होल्गाच्या मुखाजवळ, अस्त्रखानपाशी त्याचा माल लुटला गेला होता. त्या लुटीत त्याचे धर्मग्रंथही गेले. पुढे इराण ओलांडून तो होर्मुझला आला आणि तिथून जहाजात बसला.

चौलहून पालीमार्गे घाट चढून तो जुन्नरला पोहोचला. तेव्हा हा मुलूख बहमनी सुलतानाचा होता. पुढे वीसेक वर्षांत याच जुन्नरहून मलिक अहमदने निजामशाही उभी केली आणि अहमदनगर वसवले. निकितीनने पावसाळा जुन्नरला काढला. चार महिने सगळीकडे पाणी आणि चिखल, त्यातच नांगरणी-पेरणी, घोड्यांना हरभरा आणि खिचडीचा खुराक, हे सारे त्याने टिपून ठेवले.

जुन्नरचा सुभेदार असदखान याला कळले की हा परदेशी मुसलमान नाही. त्याने घोडा जप्त केला आणि चार दिवसांची मुदत दिली. इस्लाम कबूल केला तर घोडा परत आणि वर एक हजार मोहरा. नाही तर घोडा गेलाच, शिवाय एक हजार मोहरांचा दंड. निकितीनजवळ ना पैसा होता, ना ओळखपाळख. त्याने रात्रंदिवस दुआ मागितली. तेवढ्यात खुरासानचा महंमद नावाचा एक वजनदार मुसलमान तिथे आला. निकितीनने त्याला गाऱ्हाणे सांगितले. महंमद स्वतः असदखानाकडे गेला, धर्मांतराची अट मागे घ्यायला लावली आणि घोडाही सोडवून आणला. इमान मोहरांच्या लालचीने किंवा दंडाच्या धाकाने येत नाही, याची जाण सुभेदाराला नसली तरी त्याला होती.

पुढे निकितीन राजधानी बीदरला गेला. घोडा तिथे विकला गेला. ईदच्या दिवशी निघणारी सुलतानाची हत्ती-घोड्यांची मिरवणूक त्याने पाहिली. हिंदूंबरोबर तो श्रीशैलच्या यात्रेलाही गेला. पण ग्रंथ नसल्याने आपले सण-उपवास कधी येतात, याचा हिशेब त्याला लागेना. मग रमजान आला की मुसलमानांबरोबर तोही रोजे धरी आणि त्यांच्याबरोबरच सोडी. स्वतःला मात्र तो ख्रिस्तीच म्हणवत राहिला आणि आपला धर्म सुटतो की काय, या काळजीने झुरत राहिला. त्याच्या नोंदींचा शेवट अल्लाहची नावे घेणाऱ्या अरबी दुआने होतो. त्याचे अंतःकरण शेवटी कोणत्या वाटेवर होते, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. अल्लाह दिलातले जाणतो.

घरची ओढ अनावर झाली तेव्हा तो दाभोळहून जहाजाने परत निघाला. होर्मुझ, इराण आणि काळा समुद्र ओलांडून तो मायदेशाजवळ पोहोचला. पण त्वेर त्याला दिसले नाही; स्मोलेन्स्कच्या अलीकडेच मृत्यूने गाठले. वह्या इतर सौदागरांनी मॉस्कोला पोहोचवल्या. तीन समुद्रांपलीकडच्या प्रवासाचा हा वृत्तांत पुढे जगभर गेला. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियन सहकाऱ्यांसोबत 'परदेसी' हा चित्रपट त्याच्यावरच काढला.

त्या वृत्तांतात सुलतान आहे, वजीर आहे, फौजा आहेत. आणि परधर्मी मुसाफिराचा धर्म वाचवणारा खुरासानचा महंमदही आहे.