जॉन मिचेल : धर्मगुरू आणि भूशास्त्रज्ञ

१७५५ साली भूकंपाने लिस्बन शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा अनेकांना त्यात ईश्वरी कोप दिसला. इंग्लंडमधील जॉन मिचेल (१७२४–१७९३) यांनी मात्र कोणत्या ठिकाणी धक्का किती वाजता जाणवला, याच्या नोंदी पडताळल्या. भूकंप हा भूस्तरांमधून लाटांच्या रूपाने पसरतो, असे त्यांनी १७६० च्या निबंधात मांडले आणि लिस्बनच्या भूकंपाचा उगम पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळाखाली असल्याचे अनुमान केले. भूगर्भातील अग्नीमुळे निर्माण होणारी वाफ हे त्यांनी दिलेले कारण पुढे टिकले नाही. आपण लक्षात घ्यावी ती त्यांची पद्धत.

१७६२ मध्ये ते केंब्रिजला भूशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या पदाला अविवाहित असण्याची अट होती. १७६४ मध्ये विवाह झाला आणि पद सोडावे लागले. १७६७ पासून अखेरपर्यंत ते यॉर्कशरमधील थॉर्नहिल येथे धर्मगुरू होते. पृथ्वीची घनता मोजण्यासाठी त्यांनी एक उपकरण तयार केले. तारेने टांगलेल्या दांडीच्या टोकांवरील गोळे जड शिशाच्या गोळ्यांकडे किती ओढले जातात, हे त्यातून कळणार होते. प्रयोगापूर्वीच मृत्यूने त्यांना गाठले. पुढे हेन्री कॅव्हेंडिश यांनी ते उपकरण बव्हंशी नव्याने बांधून प्रयोग सिद्धीस नेला आणि १७९८ च्या निबंधात आरंभीच मिचेल यांचे ऋण नोंदवले. पाठ्यपुस्तकांत तो प्रयोग आपल्याला कॅव्हेंडिश यांच्याच नावाने आढळतो.